अफझलगंज : दोन शहरांचा उंबरठा

जुन्या मराठी ग्रंथालयातील प्रवासवर्णनांचे कपाट उघडले, तर विलायतेच्या प्रवासाची पुस्तके त्यात हमखास सापडतात. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज या छोट्या गावी राहिल्या आणि त्या प्रवासाची हकिगत त्यांनी मराठीत लिहिली. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंत अनेक लेखकांनी मराठी वाचकाला इंग्लंडची गावे घरबसल्या दाखविली. अशा एखाद्या ऐतिहासिक गावी उतरलेल्या प्रवाशाचा पहिला दिवस बहुधा ठरलेला असतो. नदीवरचा जुना पूल, तटबंदीचे अवशेष, प्रार्थनामंदिर, बाजारचौक आणि उन्हे कलताना एखादे वस्तुसंग्रहालय, असा तो क्रम होय. एका दिवसात गाव पुरते कळत नाही. परंतु गावाची ठेवण ध्यानात येते, आणि ठेवण ध्यानात आली की इतिहासाची निम्मी वाट सरते.

हैदराबादेत नव्याने आलेल्या मनुष्यासही असाच एक पहिला दिवस लाभतो आणि त्याची सुरुवात करण्यास अफझलगंजाइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. येथेही नदी आहे, पूल आहे, तटाची आठवण आहे, बाजार आहे आणि ग्रंथालयही आहे. फरक इतकाच, की अफझलगंजच्या आजूबाजूस एक नव्हे, दोन शहरे वसली होती. दक्षिणेस मुसी ओलांडली की कुतुबशहांनी वसविलेले व आसफजाही राजवटीने वाढविलेले तटबंद शहर लागत असे. ईशान्येस थोडे चालले की रेसिडेन्सीचा परिसर येई आणि तेथे हुकूम इंग्रजांचा चाले. एका अर्थाने निजामाच्या राजधानीत वसलेले ते एक इंग्रजी गावच होते. या दोहोंच्या मधला उंबरठा म्हणजे अफझलगंज. हैदराबादच्या मराठी माणसाचे सार्वजनिक जीवन कोठे रुजले आणि का रुजले, हे समजून घ्यावयाचे असेल तर या उंबरठ्यावरून दोन्हीकडे पाहिले पाहिजे.

गंज आणि पूल

‘गंज’ म्हणजे धान्याची पेठ. पाचवे आसफजाह अफझलुद्दौला यांनी १८५७ ते १८६९ या काळात राज्य केले. धान्याच्या व्यापाऱ्यांना त्यांनी नदीच्या उत्तर काठी जागा दिली व त्यांच्याच नावाने ही पेठ ओळखली जाऊ लागली. पेठेला शहराशी जोडणारा पूलही त्यांच्याच कारकिर्दीतला. त्याचे दफ्तरी नाव अफझल पूल असले, तरी लोकांनी त्याला नया पूल म्हटले. कारण इब्राहिम कुतुबशहाच्या काळात, १५७८ साली, बांधलेला पुराना पूल पश्चिमेस आधीपासूनच उभा होता. दीडशे वर्षांहून अधिक वय झालेला हा पूल अजूनही ‘नया’च म्हणविला जातो. पुलाच्या शहराकडील टोकास अफझल दरवाजा होता. तो आज राहिला नाही. शहराच्या तटाला असलेल्या अनेक दरवाजांपैकी पुराना पूल दरवाजा आणि दबीरपुरा दरवाजा एवढेच आता पाहावयास मिळतात.

पेठ तटाच्या बाहेर वसली, ही गोष्ट साधी दिसते. पण तिच्यात एक बदल सामावलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहराचे जीवन नदीच्या दक्षिणेस एकवटलेले होते. अफझलगंज वसल्यावर व्यापाराचा ओघ उत्तरेकडे वळला. बेगम बाजार, सिद्दी अंबर बाजार, गौलीगुडा, उस्मानगंज या पेठांची साखळी येथेच गुंफली गेली. उत्तरेकडून येणारा बैलगाड्यांचा माल येथे उतरू लागला आणि मालाबरोबर माणसेही उतरू लागली.

या माणसांत मराठवाड्यातील लोक मोठ्या संख्येने असत. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाचही जिल्हे निजामाच्या राज्यात होते; त्यांची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. मनमाडहून येणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुरू झाली. १९१६ साली काचीगुड्याचे देखणे स्थानक उभे राहिले. जालन्याचा कापूस व्यापारी, परभणीचा वतनदार, नांदेडचा विद्यार्थी हे सारे तेथे उतरत. कोणाला वरिष्ठ कोर्टात अपील करावयाचे असे, कोणाला दवाखान्यात दाखवावयाचे असे, कोणाला शिकावयाचे असे. या तिन्ही कामांची ठिकाणे पुढे अफझलगंजच्या परिसरात, मुसीच्या दोन्ही काठांवर, समोरासमोर उभी राहिली. ती तशी का उभी राहिली, याचे उत्तर एका मोठ्या संकटात आहे.

महापुराची खूण

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. वरच्या अंगास मुसळधार पाऊस झाला, तळी फुटली आणि पाण्याचा लोंढा शहरात शिरला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असा अंदाज सांगितला जातो. हजारो घरे जमीनदोस्त झाली. नदीवरचे नवे पूल मोडले, जुना पुराना पूल तेवढा टिकला. नदीकाठच्या अफझलगंजचे तर होत्याचे नव्हते झाले. तेथील जुने रुग्णालयही पुरात गेले. उर्दूतील प्रसिद्ध रुबाईकार अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेल्या. रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून बसलेले सुमारे दीडशे लोक मात्र वाचले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात जतन करण्यात आले. दरवर्षी पुराच्या दिवशी त्याच्या छायेत नागरिक जमतात व मृतांचे स्मरण करतात. शहरातील भव्य वास्तू पाहण्यापूर्वी प्रवाशाने हे झाड पाहावे. शहराचे आजचे रूप त्या झाडाभोवतीच्या पाण्यातून वर आले आहे.

पुरानंतर सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पाणी शहरात अडविण्यापेक्षा शहराच्या वर अडवावे, हा त्यांच्या योजनेचा गाभा होता. त्यानुसार मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि तिची उपनदी असलेल्या ईसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पूर रोखणाऱ्या या धरणांनी शहराला पिण्याचे पाणीही पुरविले. १९१२ मध्ये नगरसुधार मंडळ स्थापन झाले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत उजाड झालेल्या नदीकाठांवर सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहिली. दक्षिण काठी उच्च न्यायालय व सिटी कॉलेज, उत्तर काठी उस्मानिया रुग्णालय आणि आसफिया ग्रंथालय, असा हा क्रम आहे. व्हिन्सेंट एश हा इंग्रज वास्तुविशारद यातील अनेक कामांशी संबंधित होता. उच्च न्यायालयाच्या आराखड्यात जयपूरच्या शंकरलाल यांचा वाटा होता. घुमट, कमानी व छज्जे हिंदी-इस्लामी वळणाचे आणि आतील मांडणी आधुनिक संस्थेच्या गरजेची, अशी ही शैली आहे. नया पुलावर उभे राहिले की दोन्ही काठांवरील हे घुमट एका दृष्टिक्षेपात येतात. इंग्लंडमधील एखाद्या जुन्या गावात नदीपलीकडे चर्चचा मनोरा दिसावा, तसेच काहीसे हे दृश्य आहे. भेद इतकाच, की येथे नदीकाठी न्याय, औषध, शिक्षण आणि ग्रंथ यांची मंदिरे आहेत.

तटाच्या आत

पूल ओलांडला की उजव्या हातास गुलाबी दगडातील उच्च न्यायालय लागते. मराठवाड्यातील पक्षकारासाठी राजधानीचा अर्थ मुख्यतः ही वास्तू हाच होता. १८८४ मध्ये राज्याच्या कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. गावच्या पाटलाजवळ वतनाची कागदपत्रे असत ती मोडीत. दावा चाले तो उर्दूत. मोडी कागदाचे उर्दू भाषांतर करून मिळविणे हा फिर्यादीतला पहिला खर्च असे. म्हणूनच मराठवाड्यातील वकिलांच्या कित्येक पिढ्या उर्दूत पारंगत झाल्या. ही केवळ अडचणीची कहाणी मात्र नव्हे. उर्दू व फारसीशी आलेल्या या निकट परिचयातूनच सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखे इतिहाससंशोधक तयार झाले. निलंग्यात जन्मलेल्या पगडींनी निजामाच्या राज्यात सरकारी अधिकारी म्हणून काम केले आणि फारसी साधनांतील मराठ्यांचा इतिहास मराठीत आणला. जी भाषा एकाला भिंत वाटली, तिचाच दुसऱ्याने दरवाजा केला.

पुढे मदिना इमारत, पत्थरगट्टीच्या दगडी कमानींची बाजारपेठ आणि तिच्या टोकास १५९१ चा चारमिनार. महंमद कुली कुतुबशहाने वसविलेल्या नगराचा हा मध्यबिंदू. सुमारे ५६ मीटर उंचीच्या या वास्तूपासून चार दिशांना चार रस्ते जातात आणि नगराची सारी आखणी त्या चौकातून उलगडते. जवळच मक्का मशीद आहे. तिचे काम कुतुबशाहीत सुरू झाले आणि औरंगजेबाच्या काळात, १६९४ मध्ये, पूर्ण झाले. औरंगजेबाच्या दक्षिणस्वारीने गोवळकोंड्याची सल्तनत १६८७ मध्ये बुडविली. तीच स्वारी मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचेही कारण होती. या मशिदीच्या पटांगणात उभ्या राहिलेल्या मराठी प्रवाशाला आपल्या इतिहासाचा एक धागा येथे अनपेक्षितपणे सापडतो.

तटाच्या आत मराठी माणूस परका नव्हता. निजामाच्या राज्यातील मराठी मुलखाचा महसूल ज्या दफ्तरात पाहिला जाई, ते दफ्तर-ए-दिवाणी रायरायान या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेशव्यांचे वकील म्हणून गोविंदराव काळे निजामाच्या दरबारी राहिले. त्यांची पत्रे हा मराठ्यांच्या इतिहासाचा एक मोलाचा ठेवा आहे. १७९५ मधील खर्ड्याच्या लढाईपूर्वीची सारी बोलाचाली याच शहरातून पुण्यास कळत होती. परंतु वकील असो की दफ्तरदार, तटाच्या आतील मराठी माणसाचे स्थान दरबाराशी बांधलेले होते. सामान्य मराठी माणसाने चार लोक जमवून वाचनालय काढावे, व्याख्यान ठेवावे, शाळा चालवावी, यासाठी वेगळी जागा लागत होती. ती पाहण्यासाठी पुन्हा नदी ओलांडून उत्तरेकडे यावे लागते.

परतताना नदीकाठचे सालारजंग संग्रहालय वाटेत लागते. तिसऱ्या सालारजंगांच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह १९५१ मध्ये दिवाण देवडीत लोकांसाठी खुला झाला आणि १९६८ मध्ये सध्याच्या इमारतीत आला. तेथील एका मोठ्या घड्याळात तासागणिक एक छोटा पुतळा बाहेर येऊन टोले देतो. ते पाहण्यासाठी दुपारी बाराच्या सुमारास माणसांची दाटी होते. घड्याळ घडले इंग्लंडमध्ये, विकले कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने, ठेवले हैदराबादच्या दिवाणांनी. त्याचे बारा टोले ऐकून प्रवाशाने कोठीकडे वळावे, हे क्रमालाही धरून आहे.

कोठी

अफझलगंजहून कोठीचा रस्ता फार लांब नाही. रेसिडेन्सीची इमारत हीच लोकांची ‘कोठी’, आणि तिच्यावरून साऱ्या भागाचे तेच नाव पडले. जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक हा १७९८ पासून हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याच वर्षी झालेल्या तहाने निजामाच्या पदरची फ्रेंच पलटण मोडली गेली आणि इंग्रजी तैनाती फौज शहराजवळ येऊन बसली. तिच्या छावणीचे पुढे १८०६ मध्ये सिकंदराबाद असे नाव झाले. रेसिडेन्सी १८०३ ते १८०६ या काळात बांधली गेली. तिची रचना सॅम्युएल रसेल याची. एक आख्यायिका सांगितली जाते. कर्कपॅट्रिकने जागेचा भलामोठा नकाशा निजामापुढे ठेवला तेव्हा निजामाने नकार दिला. तोच नकाशा लहान कागदावर काढून नेला तेव्हा मात्र तत्काळ होकार मिळाला. कागद मोठा होता म्हणून राज्याचा मोठा तुकडा जातो असे वाटले, हे या कथेचे तात्पर्य. ती खरी असो वा नसो, पुढील शतकाचे मर्म तिच्यात आले आहे.

उंच खांबांची दर्शनी ओसरी, रुंद पायऱ्या, दोन बाजूंस सिंह आणि वर कंपनी सरकारचे चिन्ह, असे तिचे रूप आहे. इंग्लंडमधील एखाद्या उमरावाच्या वाड्यासमोर उभे असल्याचा भास तेथे होतो. कर्कपॅट्रिकने हैदराबादच्या उच्चकुलीन घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी विवाह केला होता व तिच्यासाठी आवारात स्वतंत्र महाल बांधला होता. वाडा पूर्ण होण्याआधीच, १८०५ मध्ये, कलकत्त्यात त्याचे निधन झाले. त्याच्यामागून आलेल्या रेसिडेंटांच्या काळात हे स्नेहसंबंध विरत गेले आणि सत्ता उरली.

त्या सत्तेचा स्पर्श मराठी मुलखालाही झाला. तैनाती फौजेच्या खर्चाची बाकी निजामाकडे साचत गेली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. १९०२ मध्ये ते कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडेच राहिले. मराठी भाषकांच्या एका सुपीक प्रांताचे भवितव्य हैदराबादच्या या कोठीतील वाटाघाटींत ठरले. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रोहिल्यांनी व शहरातील लोकांनी या कोठीवर हल्ला चढविला. तो मोडून काढण्यात आला. तुर्रेबाज खान पुढे मारला गेला. मौलवी अंदमानला गेले. त्यानंतर कोठीची तटबंदी भक्कम झाली. तेव्हा हे इंग्रजी गाव काही उदार मनाने वसलेले नव्हते, हे आधी ध्यानात ठेवले पाहिजे.

कायद्याची सीमा

तरीही या गावाचा एक विलक्षण परिणाम झाला. कोठीभोवती जो बाजार वाढला, त्याला रेसिडेन्सी बाजार म्हणत. तेथे निजामाचा नव्हे, रेसिडेंटचा अंमल असे. रस्त्याच्या एका बाजूस एक कायदा आणि दुसऱ्या बाजूस दुसरा, अशी स्थिती होती. अफझलगंजहून पंधरावीस मिनिटे चालत गेले की मनुष्य देशांतर न करता कायदांतर करीत असे. निजामाच्या राज्यात सभा, खासगी शाळा, वृत्तपत्रे यांवर निर्बंध होते. ‘गश्ती निशाण ५३’ या हुकमाने सभेसाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली. रेसिडेन्सीच्या हद्दीत या निर्बंधांचा काच कमी होता. परिणामी संस्थानातील लोकजागृतीच्या पहिल्या संस्था येथे अथवा याच्या आसपास उगवल्या.

१८९२ मध्ये येथे आर्य समाजाची शाखा निघाली. १ सप्टेंबर १९०१ रोजी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हे तेलुगू ग्रंथालय स्थापन झाले. तेलंगणातील ग्रंथालय चळवळीचा आरंभ येथूनच मानला जातो. मराठी वाचकाने या ग्रंथालयाची आवर्जून ओळख करून घ्यावी. त्याच्या संस्थापकांपैकी एक कोमर्राजु वेंकट लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपूरला झाले होते. ते मराठी उत्तम जाणत व मराठी नियतकालिकांत लिहीत. पुढे त्यांनी तेलुगूत ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. मराठीत तेच काम डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी तडीस नेले. आणि १९३१ मध्ये हैदराबादेत मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी केतकरच होते. दोन भाषांतील दोन कोशकारांचा या शहराशी आलेला संबंध हा योगायोग असेल. परंतु एकाच रस्त्यावर तेलुगू आणि मराठी वाचनसंस्कृती शेजारी शेजारी वाढल्या, हा योगायोग नव्हे. दोघींनाही एकाच निर्बंधाचा जाच होता आणि दोघींनी एकच आडोसा शोधला होता.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी शाळा निघाली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या पुढाऱ्यांचे पाठबळ तिला लाभले. कोरटकर हे व्यवसायाने वकील, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दिवसा निजामाच्या न्यायासनाशी संबंध आणि संध्याकाळी मराठी शाळेची, समाजाची चिंता, असे त्यांचे दुपदरी जीवन होते. त्या पिढीतील अनेकांचे पाय याच रीतीने नदीच्या दोन्ही काठांवर होते. अफझलगंज हा त्यांचा रोजचा रस्ता होता.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ज्या कोठीने वऱ्हाड तोडले, तिच्याच सावलीत मराठी, तेलुगू संस्था वाढल्या, याचा अर्थ काय लावावा? इंग्रजांचे ऋण मानावे काय? इतिहास त्याचे उत्तर पुढील दशकात देतो. १९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजाराचा प्रदेश निजामाकडे परत देण्यात आला आणि तो सुलतान बाजार झाला. आडोसा एका सहीनिशी गेला. तो तोलामोलाच्या राजकारणात मिळाला होता, तसाच गेला. देताना लोकांना विचारले नव्हते आणि काढून घेतानाही विचारले नाही. परंतु त्याच्या आश्रयाने जी माणसे तयार झाली होती, ती मागे हटली नाहीत. सप्टेंबर १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली. २४ ऑक्टोबर रोजी गोविंदराव नानल यांच्या तुकडीने सत्याग्रह सुरू केला, मागोमाग स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले आणि सुलतान बाजाराच्या रस्त्यांनी घोषणा ऐकल्या. आता तेथे कायद्याचे संरक्षण नव्हते. शाळा, वाचनालये, व्याख्याने यांनी तीस-चाळीस वर्षांत जे पेरले होते, ते परक्याच्या छत्रावाचूनही टिकले. ऋण मानावयाचे असेल, तर ते त्या शाळांचे आणि वाचनालयांचे मानले पाहिजे.

संध्याकाळ

दिवस कलू लागला की पुन्हा अफझलगंजला यावे. आसफिया ग्रंथालय १८९१ मध्ये स्थापन झाले. नदीकाठची त्याची आजची इमारत १९३६ मध्ये पूर्ण झाली आणि पुढे ते राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय झाले. अरबी, फारसी, उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांची पुस्तके तेथे एका छपराखाली आहेत. हैदराबाद संस्थान जसे अनेक भाषांचे होते, तसे त्याचे हे ग्रंथालय झाले. नरहर कुरुंदकरांसारखे विचारवंत या शहरात मामा ना. गो. नांदापूरकर यांच्या सहवासात शिकले आणि घडले. मराठवाड्याच्या बौद्धिक जीवनाची कित्येक मुळे अशी या शहराच्या मातीत आहेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. ज्या राजधानीकडे मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, ती एका दिवसात दुसऱ्या राज्याची राजधानी झाली. अपिलांचा ओघ मुंबईकडे वळला; औरंगाबादेस खंडपीठ येण्यास १९८१ साल उजाडले. मराठवाड्याच्या हिताचाच हा निर्णय होता, कारण आपल्या भाषेत न्याय व शिक्षण मिळावे ही तेथील लोकांची रास्त मागणी होती. हैदराबादेत राहिलेल्या मराठी कुटुंबांपुढे मात्र वेगळा प्रश्न आला. काल ती आपल्या राज्याच्या राजधानीत होती. आज परप्रांतात अल्पसंख्य झाली. कोणी स्थलांतर केले नव्हते, सीमा सरकली होती. रेसिडेन्सी बाजारात कायद्याची सीमा ओलांडून माणसे आडोशाला गेली होती. १९५६ मध्ये सीमाच माणसांना ओलांडून गेली.

त्यानंतर या परिसरात पुष्कळ बदल झाला. गौलीगुड्याचे प्रचंड पोलादी छपराचे जुने बसस्थानक २०१८ मध्ये कोसळले. उस्मानिया रुग्णालयाच्या ऐतिहासिक इमारतीत २०२० च्या पावसाळ्यात पाणी शिरले व ती रुग्णांसाठी बंद झाली. कोठीत १९४९ पासून स्त्रियांचे महाविद्यालय आहे आणि त्याचे आता विद्यापीठात रूपांतर झाले आहे. रेसिडेंटच्या पायऱ्यांवरून विद्यार्थिनींची ये-जा चालू आहे. जीर्णोद्धारानंतर वाड्याचे रूपही उजळले आहे. २०१४ मध्ये तेलंगण राज्य निर्माण झाले आणि या शहराच्या इतिहासात आणखी एक पर्व सुरू झाले.

या साऱ्या स्थित्यंतरांत मराठी ग्रंथालयाचे काय, हा प्रश्न शताब्दीच्या निमित्ताने विचारला गेला पाहिजे. राजधानी असताना मराठी ग्रंथालयाला वाचक आपोआप मिळत. शिक्षणासाठी, कामासाठी आलेला मनुष्य संध्याकाळी वर्तमानपत्र वाचण्यास येई. रेसिडेन्सीचा काळ होता तेव्हा संस्थेला आडोसा होता. नंतर ना राजधानी राहिली ना आडोसा. तेव्हापासून येथील मराठी पुस्तक केवळ सभासदांच्या इच्छेवर उभे आहे. वर्गणी भरणारा, पुस्तक घरी नेणारा व वेळेवर परत आणणारा सभासद हाच त्याचा कायदा आणि तोच त्याचा आधार. म्हणून घरी आलेल्या पाहुण्याला पहिल्या दिवशी चारमिनार दाखवावा, नया पुलावरून दोन्ही काठ दाखवावेत, कोठीच्या पायऱ्या आणि चिंचेचे झाड दाखवावे. आणि अफझलगंजहून परतताना आपल्या ग्रंथालयाचा दरवाजाही दाखवावा. शंभर वर्षे तो उघडा राहिला, हे या शहराच्या इतिहासातले लहान प्रकरण नव्हे.